धोंड्याच्या महिन्यातलं पान

१

पान कुणी फाडलं असतं, तर मला एवढा संताप आला नसता. फाडणाऱ्याला निदान घाई असते, भीती असते. हे पान कापलेलं होतं. शिवणीपासून एक बोट जागा सोडून, पट्टी धरून, अगदी निवांतपणे.

मंगळवारची सकाळ होती. माझ्या ओसरीवर ग्रामसेविका स्वप्नाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती, राजनंदिनी खांबाला टेकून उभी होती, आणि मी लाल फडक्यातली वही सोडून मांडीवर उलटी धरली होती.

या वहीबद्दल सांगायला हवं. माझे यजमान त्रिंबकराव कुरणवाडीचे जोशी. गावातल्या प्रत्येक जन्माची नोंद त्यांनी चाळीस वर्षं या वहीत केली. शके, महिना, तिथी, वार, वेळ. शेवटची आठ वर्षं त्यांना दिसत नव्हतं. गणित मी करायचे, नाव त्यांचं असायचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे गणिताची मला भीती नाही. पण ते गेल्यावर पाडव्याला मारुतीच्या पारावर पंचांग वाचायला गावाला पुरुषच हवा होता, म्हणून ते काम अजिनाथ गुरवाकडे गेलं. ते मला आजही टोचतं. आताच सांगून टाकते, कारण पुढे त्यामुळेच मी चुकले.

त्रिंबकरावांची एक खोड होती. अधिक महिना, म्हणजे आपला धोंड्याचा महिना, त्यांना वर्षाच्या ओळीत लिहायला आवडायचं नाही. मलमास तो, त्यात लग्न नाही, मुंज नाही. म्हणून त्या महिन्यात जन्मलेल्या लेकरांची नोंद ते वही उलटी करून मागच्या पानांवर करायचे. राजनंदिनी धोंड्यातलीच. तिची नोंद त्या मागच्या पानांत होती, आणि नेमकं तेच पान आता नव्हतं.

येत्या शनिवारी या पोरीचं लग्न होतं. नवरा मुलगा म्हणजे ऊसतोडीचा मुकादम आप्पाराव याचा पुतण्या, वय तीस. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. लग्न लागलं की दिवाळीनंतर एक कोयता वाढला, एवढा सरळ हिशेब. राजनंदिनीची आई तीन वर्षांपूर्वी वारली. पोर चौथीपर्यंत चार कारखान्यांच्या तळांवर शिकली, कुठल्याही शाळेत तिचं नाव टिकलं नाही. आता माझ्याकडे बसून सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी करायची तयारी करत होती. तिनंच स्वप्नालीला फोन केला होता. माझं वय सोळा आहे, लग्न थांबवा, असं तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. असं करणारी कुरणवाडीतली ती पहिलीच.

"आधार कार्डावर एक जानेवारी दोन हजार सात आहे," स्वप्नाली म्हणाली. "ती तारीख बापानं सांगितलेली, माझाही तिच्यावर विश्वास नाही. पण मला संशयाला जागा पाहिजे, बाई. लेखी. वहीत नोंद दाखवा, मी आजच लग्न थांबवते. नक्की वय पुढं डॉक्टर ठरवतील."

मी तिला उरलेली बोटभर कागदाची कोर दाखवली.

राजनंदिनी वाकून बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "बाई, आता मी कवा जन्मले?"

२

उत्तर दुपारीच आलं, आणि ते घेऊन आप्पाराव आला.

पांढऱ्याशुभ्र कपड्यातला हा माणूस येतो तेव्हा आधी त्याची गाडी येऊन थांबते, मग थोड्या वेळानं तो उतरतो. मागोमाग राजनंदिनीचा बाप भागवत, मान खाली घालून. आप्पारावनं लॅमिनेशन केलेली जन्मपत्रिका माझ्यासमोर ठेवली. वर गणपती, खाली त्रिंबकरावांच्या नावाचा शिक्का.

"वाचा बाई. तुमच्याच घरधन्याची हाय."

मी वाचलं. शके १९२९, अधिक ज्येष्ठ वद्य एकादशी, सोमवार, पहाटे चार.

"पोरगी धोंड्यातली हाय, हे समद्या गावाला ठावं हाय," आप्पाराव म्हणाला. "एकादशीची, पहाटची, हे बी ठावं. आता तुमी सांगा, दोन हजार सातला धोंडा व्हता का न्हाई?"

"होता," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

"ज्येष्ठातच व्हता ना?"

"ज्येष्ठातच."

"मंग? सोळा कुठली बे, मोजून एकोणीस भरत्यात की," तो भागवतकडे वळून म्हणाला.

त्यानं मला माझ्याच गणितात धरलं होतं. चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी कमी भरतात. ती तूट साठत जाते आणि अडीच-पावणेतीन वर्षांनी एक महिना जास्तीचा धरून भरून काढावी लागते. तो अधिक महिना. पुढे जो महिना यायचा त्याचंच नाव त्याला मिळतं, आधी अधिक, मागून निज, म्हणजे खरा. आणि बहुतेक वेळा तोच अधिक महिना एकोणीस वर्षांनी पुन्हा येतो. दोन हजार सातला अधिक ज्येष्ठ होता, यंदाही अधिक ज्येष्ठ. ज्यानं कुणी हे साल निवडलं त्याला धोंडा ठाऊक होता.

"शनिवारी एवढी घाई कशाला?" मी विचारलं.

"धोंडा लागायच्या आत उरकायचं. मंग महिनाभर लगीन न्हाई. आन लगीन झालं की पोराला पहिला धोंडा सासरी खायला मिळतो. तेवढी हौस ऱ्हाती की, बाई."

अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे करून घालायचे, त्याला दिवा-वाण द्यायचं, अशी आपल्याकडे रीत. म्हणजे सोळा वर्षांची पोर न्यायची आणि वर धोंडेही खायचे.

"पत्रिका राहू द्या माझ्याकडे," मी म्हणाले. "गुरुवारी ग्रामपंचायतीत घेऊन येते."

"ठेवा की. झेरॉक्स हायेत आमच्याकडं." तो उठला. पायऱ्या उतरताना म्हणाला, "बाईमाणसानं पंचांगात नाक खुपसू ने, सरस्वतीबाई. ग्रह बाटत्यात."

त्रेसष्ट वर्षांत मला पुष्कळ जणांनी पुष्कळ सांगितलं. ग्रह बाटतात हे नवीन होतं. त्या क्षणी मी ठरवलं की हे पान कुणी कापलं ते मी शोधून काढणार, आणि भर गावात सांगणार.

३

पाडव्यापासून ती वही तिघांनी हाताळली होती. अजिनाथ कुणाच्या तरी शांतीसाठी नक्षत्र बघायला आला होता. झेरॉक्सवाला प्रविण स्वतःचं लग्न ठरतंय म्हणून पत्रिका करून घ्यायला आला होता. आणि भागवत परवाच आला होता, बायकोच्या श्राद्धाची तिथी विचारायला. तिघांनाही मी चहा करायला आत गेल्यावर पाच-दहा मिनिटं मोकळी मिळाली होती. चोराला चहा पाजणारी बाई म्हणून माझं नाव लागायला हरकत नाही.

आधी अजिनाथकडे गेले. मनात आधीच निकाल लावून गेले होते.

तो मारुतीच्या देवळात शेंदूर कालवत होता. मी पत्रिका त्याच्यासमोर धरली. "हे तू लिहिलंस?"

त्यानं चष्मा लावला, वाचलं, आणि चेहरा लाल झाला. "बाई, तुमी मला चोर म्हनायला आलाव का?"

"पंचांग कळणारा गावात तुझ्याशिवाय कोण आहे?"

"तुमी हाव की." त्यानं पत्रिका परत केली. "पाडव्याचं वाचन मला दिलं, तवापासून तुमी माझ्याशी धड बोलला न्हाईत. मी मागितलं नव्हतं ते. गावानं दिलं. पर असली पत्रिका मी करीन? जरा नीट बघा हिच्याकडं, मंग बोला."

नीट बघ म्हणाला. मी रागात होते, म्हणून तेव्हा बघितलं नाही.

तिथून भागवतच्या घरी. दोन पत्र्याच्या खोल्या, दारात कडुलिंब. भागवत बाजेवर बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी पान-बिन काय कापलं न्हाई. मला वाचताच येत न्हाई, मी कुठलं पान शोधणार? आप्पारावनं सांगितलं पत्रिका घावली, मी हो म्हणलं."

"पोरीचं वय तुला ठाऊक नाही?"

"साल कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय, बाई? सण ऱ्हातोय. ही झाली तवा मी धर्मापुरीला सासुरवाडीत धोंडा खाया गेलतो, एवढं ध्यानात हाय." मग तो म्हणाला, "बायको गेली. मी तोडीला गेलो की पोरगी इथं एकली. सांगा, काय करू?"

त्याच्यावर ओरडायला आले होते, ओरडता आलं नाही.

आत चुलीपाशी त्याची आई सावित्रीबाई भाकरी थापत होती. कोनाड्यात मातीचा एक करा होता, लहानसं चोचीचं भांडं. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं असा करा पाण्यानं भरून पूजतात. गेलेल्याला उन्हाळ्याचं पाणी पोचतं म्हणतात. तिच्या नवऱ्याचा, तानाजीचा, तो करा असणार. तीन आठवड्यांपूर्वीच आखिती झाली होती.

राजनंदिनीनं पाणी आणून दिलं, तशी सावित्रीबाई पुटपुटली, "हिच्यापायीच समदं. आली तवापासून इपरितच. आली आन आज्ज्याचा करा कोरडा ठिवला."

पोरीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ते तिच्या रोजच्या जेवणातलं मीठ होतं, हे तिच्या तोंडावरून कळलं. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांची कटकट. मी पाणी प्याले आणि निघाले.

शेवटी उमापूरच्या स्टँडवर प्रविणच्या दुकानात गेले. दुकानाचा गाळा आप्पारावचा, भिंतीवर आप्पारावचा वाढदिवसाचा बॅनर. प्रविण स्टीलची पट्टी धरून लॅमिनेशनच्या कडा कटरनं कापत होता.

"या काकू. लॅमिनेशन मीच केलंय, लपवत न्हाई. आप्पांनी कागद आणून दिला, मी प्लास्टिक चढवलं. माझं काम तेवढंच."

"लग्न ठरलं का तुझं?"

"ठरतंय." तो हसला. "आई म्हणती, लगीन ठरलंय, आता तरी वाढदिवस कर. मी म्हणलं, माझा वाढदिवस अडीच-तीन वर्षांनी एकदाच येतो, मला परवडतो."

मी हसले. पोरगा आधीपासूनच बोलघेवडा. घरी येईपर्यंत मी ते विसरले होते.

४

बुधवारी सकाळी राजनंदिनी अभ्यासाला आली. वही-पेन काढून बसली, पण पान उलटेना.

"बाई, शनवारी मी पळून जाऊ का?"

"कुठे?"

"ठावं न्हाई."

"मग नाही. ज्याला कुठे जायचं ते ठाऊक नाही त्यानं पळू नये. त्यानं बसावं आणि गणित करावं." मी पत्रिका तिच्यासमोर ठेवली. "वाच."

ती वाचायला लागली. शके, महिना, तिथी. आणि अडखळली. "बाई, ह्यात चूक हाय."

"कुठे?"

"तुमीच शिकवलं की. आपला वार सूर्य उगवल्यावर बदलतो. घड्याळात बारा वाजले तरी पंचांगात कालचाच वार चालू. मंग पहाटे चारला सोमवार कसा? रविवारच ऱ्हायला पायजे."

मी तिच्या हातातून पत्रिका घेतली. माझे कान तापले. तीच पोर, जिला गाव एकोणीसची म्हणत होतं, तिला एका नजरेत दिसलं ते मला रागात दिसलं नव्हतं. त्रिंबकरावांनी चाळीस वर्षांत पहाटेच्या जन्माला पुढचा वार लिहिला नाही. 'रविवार, उत्तररात्री चार' असंच ते लिहीत. आणि अजिनाथही तसंच लिहिणार, तो पाठशाळेत शिकलाय. मोबाइलवर तारीख टाकून जे दिसलं ते उतरवणाराच 'सोमवार' लिहितो.

म्हणजे लिहिणारा जोशी नव्हता. अजिनाथ सुटला. मला त्याची माफी मागावी लागणार होती, आणि मला माफी मागण्याची मुळीच सवय नाही.

"मग उरलं कोण?" मी विचारलं.

"आमचे दादा न्हाईत. त्यांना वाचता येत न्हाई."

"प्रविण. पण वहीच्या मागच्या पानांचं त्याला कसं कळणार? शोधणारा समोरून, सालाच्या ओळीत शोधेल. वही उलटी करायची हे तर..."

बोलता बोलता मी थांबले. माझा वाढदिवस अडीच-तीन वर्षांनी एकदाच येतो. कुणाचा येतो असा? धोंड्यात जन्मलेल्याचा. गेल्या चैत्रात त्याची पत्रिका काढायला मीच त्याच्यासमोर वही उलटी केली होती, आणि वर त्याला त्रिंबकरावांच्या खोडीची गोष्ट कौतुकानं सांगितली होती. मग आत जाऊन चहा टाकला. स्टीलची पट्टी आणि कटर त्याच्या खिशातच असणार, तो त्याचा धंदाच.

"सापडला," मी म्हणाले.

राजनंदिनी खूश झाली नाही. "सापडला तर काय? पान न्हाईच. पत्रिका खोटी निघाली तरी आधार कार्ड हायच की. मी सोळाची हाय हे कशावरून? धोंडा सातला बी व्हता आन..." ती बोटं मोजू लागली. "दहाला बी. अधिक वैशाख. मी सातची का दहाची?"

पोर बरोबर बोलत होती. चोर मिळाला होता, साल मिळालं नव्हतं. आणि शनिवारला तीन दिवस होते.

"आज्जी काय सांगेल?"

"आज्जी?" ती कडवट हसली. "आज्जी येकच सांगती. मी झाले म्हनून घराला सोयर आलं, आन आज्ज्याचा करा भरता आला न्हाई. दरसाल भरती, त्या येकाच साली न्हाई. सोळा वर्षं तेच ऐकते मी."

बाळ जन्मलं की बापाच्या घराला दहा दिवस सोयर. सुतकासारखंच, पण जन्माचं. त्यात पितरांचं काही करता येत नाही.

मी उठून उभी राहिले. गुडघ्यात कळ आली, तिकडे लक्ष गेलं नाही.

"पोरी, परत बोल. काय कोरडं राहिलं?"

५

गुरुवारी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात पंखा बंद आणि माणसं दाराबाहेरपर्यंत. स्वप्नाली टेबलामागे. एका बाकावर आप्पाराव, शेजारी प्रविण. भागवत भिंतीशी उकिडवा. सावित्रीबाई दाराजवळ पदर तोंडाला लावून. अजिनाथला मी मुद्दाम बोलावलं होतं. देवळात गेल्या तीस वर्षांची पंचांगं त्यानं बांधून ठेवली होती, ते गाठोडं काखेत मारून तो आला. सर्वांदेखत मी त्याला म्हणाले, "मी तुला चोर म्हणाले, माझं चुकलं." त्यानं मान हलवली. मग गाठोडं माझ्या बाजूला ठेवलं.

आधी मी वाराचं सांगितलं. मग वही उलटी धरून कापलेली कोर दाखवली. "या मागच्या पानांची गोष्ट पान जायच्या आधी मी एकाच माणसाला सांगितली होती. तोही धोंड्यातलाच. प्रविण, तुझा वाढदिवस कधी असतो रे?"

प्रविणचं तोंड उतरलं. त्यानं आप्पारावकडे पाहिलं, आप्पारावनं खिडकीबाहेर पाहिलं.

"मला गाळा खाली करायला लावला असता," प्रविण म्हणाला. "पान जाळलं. आप्पांसमोरच जाळलं."

बाहेर कुजबुज झाली. आप्पाराव हलला नाही. "घ्या. जाळलं म्हणतोय. मंग आता ऱ्हायलं काय? आधार कार्ड. सरकारी कागद. अठरा पुरी. पोरगं चुकलं, त्याचा कान धरा. लगीन शनवारीच."

त्याचं खरं होतं. स्वप्नाली माझ्याकडे बघत होती.

"सावित्रीबाई," मी म्हणाले, "तानाजीरावांचा करा तुम्ही दर आखितीला भरता?"

"भरते की."

"कधी चुकला?"

 भागवतनं मान वर करून आईकडे पाहिलं. ती त्याच्या घरात, त्याच्या भाकरीवर. आप्पाराव तिच्याकडे वळून सावकाश म्हणाला, "आज्जी, इचार करून बोला. दिवाळीला तुमच्या ल्योकाला तोडीला मीच न्हेणार हाय."

तेव्हा राजनंदिनी पुढे आली. आजीसमोर उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आज्जी, माझ्यामुळं आज्जा तहानला म्हनून मी सोळा वर्षं ऐकून घेतलंय. येकदा बी उलटून बोलले न्हाई. आता तेच समद्यांपुढं सांग. लेखी घेऊ दे त्यास्नी."

सावित्रीबाईनं पदर तोंडावरचा काढला.

"येकदाच चुकला," ती म्हणाली. "ही झाली त्या साली. हा धर्मापुरीला धोंडा खाया गेलता. एकादशीच्या पहाटं ही झाली. धोंडा सरला, आन दोन दिसांनी आखिती. घराला सोयर. मी कुंभाराकडून करा आणून ठिवलता, तो कोरडाच ऱ्हायला. मी रडले व्हते."

"एकादशीपासून आखिती किती दिवसांनी?"

"सात-आठ दिस. बारसं बी झालं नव्हतं."

"लिहून घे, स्वप्नाली." मी अजिनाथकडे वळले. "दोन हजार सातला आखिती कधी होती?"

त्यानं पंचांग काढून पान शोधलं. "एप्रिलात. आन धोंडा लागला मे महिन्याच्या मध्याला. म्हंजे आखिती आदी, धोंडा मागून."

"म्हणजे सातच्या धोंड्यात पोर झाली असती, तर पुढची आखिती?"

"पुढच्या साली. अकरा महिन्यांनी."

"अकरा महिन्यांचं सोयर कुणी पाळलंय का या गावात?" मी विचारलं. बाहेर कुणीतरी हसलं. "आता दोन हजार दहा."

अजिनाथनं दुसरं पंचांग उघडलं. बोट ठेवून वाचलं, "शके १९३२. अधिक वैशाख. मे महिन्याच्या चौदाला सरला. निज वैशाख शुद्ध तृतीया, आखिती, सोळाला." त्यानं वर पाहिलं. "दोनच दिसांनी. आज्जी बोलल्या तसंच."

"आखिती वैशाखातली," मी स्वप्नालीला म्हणाले. "धोंडा सरून लगेच आखिती यायची असेल तर धोंडा वैशाखाचाच पाहिजे. तसा तो दहाला आला, त्याच्या आधी एक्क्याण्णवला. मधल्या कुठल्याही धोंड्यात हे जमत नाही. त्यांनी वहीतलं पान जाळलं. पण म्हातारीच्या मनातलं पान कापायला कुणाकडे पट्टी नव्हती."

स्वप्नालीनं जबाब लिहिला, सावित्रीबाईचा अंगठा घेतला. मग उभी राहून म्हणाली, "लग्न थांबवलंय. वय डॉक्टर तपासतील, बालकल्याण समितीपुढं जाईल. पानाचं आणि खोट्या पत्रिकेचं पोलीस बघतील. शनिवारी मांडव दिसला तर मांडवात बसलेले सगळे येतील माझ्या कागदावर."

आप्पाराव उठला. "मुहूर्त दुसऱ्या गावात बी निघतो."

"निघू दे," अजिनाथ म्हणाला. गाठोडं बांधत, मान वर न करता. "पंचक्रोशीतल्या समद्या जोश्यांला मी फोन लावतो. ह्या पोरीचा मुहूर्त अजून दोन वर्षं कुणी काढनार न्हाई."

भागवत भिंतीपाशीच बसून होता. "आन मी कोयता कुणासंगं धरू?" तो म्हणाला. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

"माझ्यासंगं," सावित्रीबाई म्हणाली. "म्हातारी झाले, मेले न्हाई. मोळ्या बांधते मी. पोरगी इथं बाईकडं ऱ्हाईल आन दहावी करील."

ती नातीचा हात धरून बाहेर पडली. दारातल्या लोकांनी वाट दिली.

६

अधिक ज्येष्ठ लागला त्या दिवशी सकाळी सावित्रीबाई माझ्या ओसरीवर आली. हातात ताट, वर फडकं. सोबत राजनंदिनी. डॉक्टरांचा कागद आदल्या दिवशीच आला होता. सोळाच्या आसपास, असं त्यात लिहिलं होतं.

मी वही उलटी करून बसले होते. कापलेल्या पानाच्या जागी मी नवीन पान शिवलं होतं. "लिही," मी राजनंदिनीला म्हणाले. "अक्षर तुझंच हवं."

तिनं लिहिलं. शके १९३२, अधिक वैशाख वद्य एकादशी. मग वार काढायला तिनं कागदावर गणित मांडलं, अजिनाथनं पाठवलेल्या जुन्या पंचांगाशी ताडून बघितलं, आणि सूर्य उगवायच्या आधीचा वार लिहिला. मी तपासलं, बरोबर होता.

सावित्रीबाईनं फडकं काढलं. पुरणाचे धोंडे, तूप, मध्ये पेटलेला दिवा. तेहेतीस होते, मी मोजले. मला प्रत्येक गोष्ट मोजायची खोड आहे.

"जावई तर नाही," मी म्हणाले. "धोंडे कुणाला?"

"हिला." तिनं ताट नातीपुढं सरकवलं. "धोंड्यात आली, धोंड्यानंच वाचली. धोंडा मागनारे लई आलते. हिला इचारलं कुनी न्हाई."

राजनंदिनीनं पेन ठेवलं, हात धुतले, आणि पहिला धोंडा मोडून आजीच्या तोंडात घातला. दुसरा तिनं स्वतः खाल्ला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, पुढच्या पाडव्याला पंचांग कोन वाचनार, ते ठरवून ठिवा. अजिनाथकाकांला मी इचारलंय. ते म्हनले, पोरगी वाचत आसंल तर मी पाराखाली बसून ऐकतो."